कोयत्याची दिशा

पाटण तालुक्यात पावसाळा लागला की पाय घसरायला जागा कमी नसतात. भातखाचरांचे बांध, शेवाळलेल्या पायऱ्या, जांभ्याचे सडे. पडताना हात आपोआप पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मग बहुतेक वेळा मोडतं ते अंगठ्याच्या बाजूचं हाड, मनगटालगतच्या टोकाशी.

डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी या मोडीचं वर्णन १८१४ साली केलं, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या सुमारे ऐंशी वर्षं आधी. त्यांचं म्हणणं असं होतं, की हाताचा वाकडेपणा जन्मभर राहील, पण हालचाल पुढं कधीतरी पूर्ण परत येईल. आजचे डॉक्टर इतकं निर्धास्त बोलत नाहीत. हालचाल आपोआप येत नाही, ती आणावी लागते.

आणि ती प्लास्टर असतानाच आणायला घ्यावी लागते. पाच-सहा आठवडे हात गळ्यात बांधून बसलेल्या माणसाचं हाड जुळतं, पण बोटं आखडतात आणि खांदाही धरतो. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर पहिल्या दिवसापासून मूठ पूर्ण मिटावी, उघडावी, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावावा, हात झोळीतून काढून डोक्यावर न्यावा. सूज उतरायला हात छातीच्या वर उशीवर ठेवावा. बोटं निळी पडली, बधिर झाली, प्लास्टर आवळायला लागलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. हाडवैद्याच्या घट्ट कामट्यांतही हाच धोका असतो.

प्लास्टर निघालं की पंजा टेबलाच्या कडेबाहेर सोडून मनगट वर-खाली करायचं. वर उचलताना मूठ हलकी मिटलेली असावी. बोटं ताठ राहिली तर त्यांचेच स्नायू काम ओढून घेतात आणि मनगटाचे आळशी राहतात. मग कोपर बरगडीला चिकटवून तळवा तीर्थ घेताना असतो तसा आभाळाकडे, पुन्हा जमिनीकडे. हे वळणं सहसा सगळ्यात उशिरा परततं.

आणखी एक हालचाल आहे, कोयत्याची. मनगटाची आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली असतात. कोयता उगारताना मनगट मागे आणि अंगठ्याकडे झुकतं, घाव घालताना पुढे आणि करंगळीकडे. या तिरक्या वाटेवर बरीचशी हालचाल दोन ओळींमधल्या सांध्यात होते, कोपराकडची ओळ फारशी हलत नाही. म्हणून काही दुखापतींत फिजिओ ही हालचाल लवकर देतात. अर्थात रिकाम्या हातानं!

किती वळलं म्हणजे पुरे? १९९१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात दिसलं, की रोजची बहुतेक कामं पुढे ४० आणि मागे ४० अंशांत भागतात. निरोगी मनगट दोन्हीकडे साधारण ७० अंश वळतं. म्हणजे दुसऱ्या हाताशी तुलना करून खट्टू व्हायचं कारण नाही. माझ्या मते अंश मोजण्यापेक्षा कामं मोजावीत: वेणी घालता येते का, कुलूप उघडतं का, ओला पंचा पिळता येतो का. भाकरी थापणं आणि भरलेली कळशी मात्र शेवटी. हाड भक्कम जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर. त्याआधी नमस्काराच्या मुद्रेतून हात हळूहळू खाली आणून ताण द्यावा, कणीक मळावी, अर्धा लिटर पाण्याची बाटली उचलावी.

दिवसातून एकदा घाम गाळण्यापेक्षा चार-पाचदा थोडं थोडं बरं. व्यायामानंतर तासाभरात शमणारा ठणका चालतो. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर जोर कमी करावा. शेजाऱ्यानं तेल लावून मनगट पिरगाळून ‘मोकळं’ करणं मात्र साफ चूक.

पाटणच्या मोरणा, वांग, तारळीच्या खोऱ्यांतून व्यायामासाठी रोज कराडला जाणं कुणाला जमणार? कराडजवळ मलकापूरला कृष्णा रुग्णालय आहे, फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. साध्या मोडीत तिथं एकदा व्यायाम नीट शिकून घरी नेमानं केले तरी अनेकांचं भागतं. पण हात जळजळू लागला, कातडी चकचकीत होऊन रंग बदलू लागली, किंवा काही आठवड्यांनी अंगठा अचानक वर उचलेनासा झाला, तर परत जायलाच हवं. अंगठा उचलणारी कंडरा हाड फारसं न सरकताही झिजून तुटू शकते. आणि साध्या घसरण्यानं मनगट मोडलेल्या पन्नाशीच्या बाईनं त्याच फेरीत हाडांची घनता तपासून घ्यावी. पुढची मोड खुब्याची असू शकते.