श्वासाचा हिशेब

मराठी मध्यमवर्गीय घरात पूर्वी आजारपण मोजण्याचे एकच यंत्र असे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपून ठेवलेला थर्मामीटर. पुढे रक्तदाबाचे यंत्र आले, मग साखर तपासायच्या पट्ट्या आल्या. आता या मंडळींत आणखी एक पाहुणा दाखल होऊ पाहतो आहे. मुठीत मावणारा, मोबाइलला जोडायचा. नळीत फुंकर मारली की तुमच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते सांगणारा. हे यंत्र धूम्रपान करणाऱ्यांसाठी बनवलेले आहे. गेला महिनाभर ते ठाण्यात माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या घरी आहे, आणि त्याच्या नोंदींची वही माझ्याकडे. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे हे काम आपसूकच माझ्या वाट्याला आले.

यंत्र आले इंग्लंडहून. अण्णांची मुलगी मुक्ता लीड्सला असते. तिला दिवस गेले आहेत. तिथे गरोदर बाईची पहिली तपासणी होते तेव्हा तिचा श्वासही तपासावा, अशी २०१० पासून शिफारस आहे. मुक्ताने उभ्या जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही. तिने विचारले, "मला कशाला?" तेव्हा सुईणबाईंनी समजावले, की घरातले दुसरे कुणी ओढत असेल, किंवा घर गरम ठेवणारी गॅसची यंत्रणा बिघडलेली असेल, तरी हा वायू अंगात जातो आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतो. मुक्ताचा आकडा आला १. त्याच आठवड्यात तिने बाबांसाठी यंत्र धाडले. सोबत चिठ्ठी होती : "बाळाला घेऊन दिवाळीत येते. तोवर रोज फुंका."

अण्णांचे वय ६६. सिगारेट चाळीस वर्षांची, दिवसाला पंधरा. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. चिठ्ठी वाचून ते काही बोलले नाहीत. फक्त चष्मा पुसत बसले.

कार्बन मोनॉक्साइड हा मोठा लबाड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. कोणतीही वस्तू अर्धवट जळली की तो तयार होतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण या वायूशी त्याचे सख्य प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक! एकदा तो बसला, की जागा लवकर सोडत नाही. प्राणवायूला उभे राहावे लागते, आणि ती कसर भरून काढायला हृदयाला जादा राबावे लागते. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले होते. त्यांच्याच सल्ल्याने कोळशाच्या खाणीत छोटे पक्षी नेऊ लागले. ब्रिटनमधल्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. अण्णांच्या हातातले यंत्र म्हणजे त्या कॅनरीचेच धाकटे भावंड. त्याच्या पोटात एक छोटा रासायनिक घट असतो. वायू त्यावर आला की किंचित वीज वाहते. जितका वायू, तितकी वीज. उत्तर मिळते 'पीपीएम'मध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग.

रीत सोपी आहे. खोल श्वास घ्यायचा, १५ सेकंद रोखायचा, मग सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत फुंकायचे. "चाळीस वर्षं फुंकतोच आहे, तू मला काय शिकवतेस?" असे म्हणत अण्णांनी पहिल्या दिवशी संध्याकाळी फुंकर मारली. आकडा आला २४. न ओढणाऱ्या माणसाचा साधारण सहाच्या आत येतो. माझा २ होता. वहिनींचा ४. वहिनी नुसत्या म्हणाल्या, "म्हणजे मीही थोडी ओढतेच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या सिगारेटच्या आधी, अण्णांचा आकडा ११ वर उतरला होता. यात जादू नाही. हा वायू चार-सहा तासांत साधारण निम्मा होतो. झोपेत श्वास संथ असल्याने थोडा वेळ अधिक लागतो. म्हणूनच चाचणी रोज एकाच वेळी करावी, आणि ती संध्याकाळी केलेली बरी. सकाळचा आकडा मनाची समजूत घालतो, इतकेच.

मग सोसायटीत हौसेने चाचण्या सुरू झाल्या; प्रत्येकाला वेगळी नळी, हे सांगायला नको. बिडी ओढणाऱ्या माळीबुवांचा आकडा ३१. बिडीचे पान हवा आत येऊ देत नाही, विझू नये म्हणून भराभर झुरके घ्यावे लागतात. फिल्टरची सिगारेट बरी, असे मानणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की फिल्टर हा वायू अडवत नाही. कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले कधीच ओढत नाहीत, पण दिवसभर कोळशाच्या इस्त्रीपाशी उभे. त्यांचा ८. काहींना दूध पचत नाही. त्यांच्या पोटात तयार होणाऱ्या हायड्रोजनमुळेही हे यंत्र फसते आणि आकडा फुगवून दाखवते.

खरी पंचाईत झाली ती रात्रपाळीच्या वॉचमनमामांपाशी. तळहातावर तंबाखू-चुना मळता मळता त्यांनी फुंकर मारली. आकडा २. हिरवा दिवा! "बघा बाई, मी साहेबांपेक्षा बरा," असे म्हणून त्यांनी चिमूट गालात सारली. यंत्र खोटे बोलले नव्हते. तंबाखू जळली नाही तर हा वायू निघतच नाही. पण तोंडाच्या कर्करोगाला धूर लागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यातल्या बहुतांश तंबाखूपुढे हे यंत्र आंधळेच आहे. मामांना मी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चिमूट थुंकली नाही.

घरात मात्र आकड्यांचे वेगळेच नाट्य रंगले. अण्णांनी पंधराच्या सहा सिगारेटी केल्या. संध्याकाळचा आकडा नऊ-दहावर यायला हवा होता; आला १७. सिगारेटी कमी झाल्या की माणूस नकळत झुरका खोल घेतो, थोटुकापर्यंत ओढतो. शरीराला निकोटिनचा शिधा हवा असतो, तो ते वसूल करते. शिवाय २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापलेल्या अभ्यासानुसार, रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. हृदयाच्या बाबतीत कमी करणे म्हणजे सोडणे नव्हे.

वहिनींनी मग पहारा बसवला. अण्णा फिरून आले, की दारातच यंत्र पुढे. तिसऱ्या दिवशी यंत्र गायब झाले. सापडले ते शर्टांच्या घडीखाली. मुक्ताला रोज फोटो जात होते, पण सगळे सकाळचे. वहिनी चिडल्या, अण्णा अबोल झाले. मला वाटते, या यंत्राचा सगळा गुण-दोष इथेच आहे. ज्याचा श्वास, त्याच्या हाती ते असेल तर आरसा. दुसऱ्याच्या हाती गेले की हवालदार. आणि हवालदाराला चुकवण्यात माणूस फार हुशार असतो. नुसता आकडा दाखवल्याने लोक सिगारेट सोडतात, असा भक्कम पुरावा संशोधकांनाही मिळालेला नाही.

शेवटी मुक्ताच फोनवर म्हणाली, "बाबा, फोटो नकोत मला. तुमचं तुम्ही बघा." वहिनींनी यंत्र त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि विचारणे बंद केले. चार दिवसांनी, कुणालाही न सांगता, अण्णांनी एक आख्खा दिवस सिगारेट ओढली नाही. रात्री मला बोलावून फुंकर मारली. ३. त्यांनी तो आकडा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "एवढं लवकर?"

हो, एवढे लवकर. हा वायू दिवसा-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. चाळीस वर्षांची सवय निघत नाही, रक्तवाहिन्यांची झीजही नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, निकोटिनचे च्युइंग गम आहे, आणि केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. अण्णांनी तिथे फोन केला, तारीख ठरवून घेतली. त्यानंतरच्या सतरा दिवसांत वहीत दोनदा नऊच्या वरचा आकडा आहे. दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. सकाळचे नव्हेत, संध्याकाळचे.

वहिनींचा आकडा आता २ वर आला आहे. दिवाळीला अजून अडीच महिने आहेत.