गाडीची नोंद आणि जबाबदारीची नोंद

माल घेणे आणि माल विकणे ही दोन्ही कामे व्यापारी स्वतःच्या नजरेखाली करतो. परंतु या दोहोंच्या मध्ये एक काळ असा येतो की, माल धाडणाऱ्याच्या वखारीतही नसतो आणि घेणाऱ्याच्या वखारीतही नसतो. तो रस्त्यावर असतो. तेवढ्या काळापुरते व्यापाऱ्याचे भांडवल एका परक्या माणसाच्या हाती असते. तो माणूस कोण, त्याची पेढी कोठे, त्याची नोंद कोणत्या दफ्तरात आहे आणि ती नोंद आपणांस बसल्या जागी पाहता येते की नाही, हे प्रश्न वरवर पाहता सरकारी कचेरीचे वाटतील. आमच्या मते ते व्यापाऱ्याच्या गल्ल्याचे प्रश्न आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचा थोडा विचार बंधुवर्गापुढे ठेवीत आहोत.

सुरत शहराचे नाव कापडामुळे आणि हिऱ्यांमुळे जगभर गेले. परंतु माग चालविणाऱ्या आणि हिरा घासणाऱ्या हातांना रोज दोन वेळ भाकरी लागते, आणि ती पुरविण्याचे काम आम्हा भुसार व्यापाऱ्यांकडे आहे. खानदेशातील ज्वारी आणि जळगावच्या डाळमिलांतील तूरडाळ धुळे, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली या वाटेने आमच्या दारी येते. पूर्वी हाच माल मोठ्या प्रमाणावर तापी-खोऱ्याच्या लोहमार्गाने येत असे. रेल्वेच्या पावतीमागे रेल्वे खाते उभे असे. पावती हरवली तरी खाते हरवत नसे. आज बहुतेक माल मालमोटारीने येतो, आणि मालमोटारीच्या बिल्टीमागे कोण उभा आहे, हे बिल्टी वाचून कळेलच असे नाही.

गेल्या काही वर्षांत वाहतुकीच्या वाटेतील पुष्कळ काटे निघाले, हे प्रथम कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २००७ साली गुजरातच्या महानगरपालिकांतील जकात गेली आणि नाक्यावरची रांग संपली. २०१० साली राष्ट्रीय परवान्याची नवी पद्धत आली व निरनिराळ्या राज्यांसाठी निरनिराळी रक्कम भरण्याची यातायात मिटली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. २० नोव्हेंबर २०१९ पासून गुजरात सरकारने परिवहन खात्याचे १६ तपासणी नाके बंद केले. ‘वाहन’ नावाच्या संगणकीय दफ्तरात गाडीची नोंदणी, योग्यता, विमा आणि परवाना यांची माहिती एकत्र आली, आणि २०१८ पासून मोबाईलमधील कागदपत्रेही रस्त्यावर ग्राह्य धरली जाऊ लागली. ज्याने ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीतून तेलकट कागदांचे पुडके निघताना पाहिले आहे, त्याला या सुधारणेचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु या सर्व सुधारणांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाडी संगणकाच्या पूर्ण ओळखीची झाली. माल ताब्यात घेणारा माणूस मात्र अद्याप तितका ओळखीचा झालेला नाही. गाडीचा मालक एक, गाडी चालविणारा दुसरा, भाडे ठरविणारा दलाल तिसरा आणि बिल्टी फाडणारा बुकिंगवाला चौथा, असा आमच्या बाजारातील नित्याचा व्यवहार आहे. यांपैकी पहिल्या दोघांची नोंद चटकन सापडते. ज्यांच्या शब्दावर आपण माल सोडतो, त्या पुढच्या दोघांची नोंद शोधावी लागते.

कायदा याबाबत मुका आहे असे मात्र नव्हे. बैलगाडीच्या जमान्यातील १८६५ चा वाहतूकदारांचा कायदा जाऊन त्याच्या जागी २००७ चा रस्ता-वाहतूक कायदा आला, आणि त्याचे नियम १ मार्च २०११ पासून अमलात आले. या कायद्याने ‘सार्वजनिक वाहतूकदार’ या शब्दात बुकिंग कंपनी, ठेकेदार, एजंट, दलाल आणि कुरिअर या सर्वांना गोविले आहे. नोंदणीवाचून हा धंदा कोणी करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ही नोंदणी राज्याच्या अथवा विभागाच्या परिवहन प्राधिकरणाकडे होते व ती १० वर्षे चालते. त्याशिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ९३ वे कलम आहेच. मालमोटारीने जाणारा माल गोळा करणाऱ्या, पुढे धाडणाऱ्या व वाटणाऱ्या एजंटाने परवाना घ्यावा असे ते सांगते. त्याच्याकडून घ्यावयाच्या अनामतीची कमाल मर्यादा ५०,००० रुपये ठरलेली आहे. १९८८ साली ही रक्कम मोठी होती. आज तिच्यात डाळीची काही पोतीच येतात. येणेप्रमाणे कायदे दोन, दफ्तरे दोन. आणि गाडी भरून निघते वेळी व्यापाऱ्याच्या हाती मात्र बहुधा एक छापील बिल्टी व एक मोबाईल नंबर.

कापडाचा व्यापारी येथे म्हणेल की, ‘आमच्या मालाबरोबर ई-वे बिल असते, मग चिंता कसली?’ त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे आहे. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीस आणि १५ एप्रिल २०१८ पासून गुजरातमधील अंतर्गत वाहतुकीस हे बिल लागू झाले. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल निघाला की, गाडीचा क्रमांक व वाहतूकदाराची ओळख सरकारी दफ्तरात उतरते. ज्याची करासाठी नोंद नाही अशा वाहतूकदारालाही त्याकरिता १५ अंकी ओळख-क्रमांक घ्यावा लागतो. परंतु भुसार मालाची गोष्ट वेगळी आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधीव व नामपट्टीच्या धान्य-डाळीवर ५ टक्के कर बसला. मोठ्या पोत्यातील सुटे धान्य करमुक्तच राहिले आणि करमुक्त असल्यामुळे त्याला ई-वे बिलाचे बंधनही राहिले नाही. धान्य, पीठ, डाळ व तांदूळ यांच्या भाड्यावरही कर नाही. ही सवलत गरिबाच्या ताटासाठी आहे व ती योग्यच आहे. परंतु तिचा एक परिणाम असा की, आमचा माल करखात्याच्या दफ्तरात कोठेही पाऊल न उमटविता जातो. कर नसतो तेथे खूणही नसते. म्हणून वाहतूकदाराच्या व दलालाच्या नोंदणीची सर्वांत अधिक गरज कोणाला असेल, तर ती धान्याच्या व्यापाऱ्याला.

काही वर्षांपूर्वी आमच्याच पेढीचा हरभरा खानदेशातून निघाला आणि पोहोचला नाही. गाडीचे कागद चोख होते. विमा चालू, योग्यता चालू. दोन दिवसांत गाडीही सापडली, परंतु रिकामी. मालकाने सांगितले, ‘मी गाडी दलालाच्या भाड्याने दिली.’ ड्रायव्हरने सांगितले, ‘दलालाचा फोन आला, त्याने सांगितले त्या गोदामात माल उतरविला.’ बिल्टीवरील पत्त्यावर गेलो, तेथे पानाचे दुकान होते. ते दुकान चालविणारे गृहस्थ भले होते. त्यांनी चहा पाजला आणि, ‘या पत्त्यावर विचारीत येणारे तुम्ही तिसरे,’ असे सांगितले. गाडीची सर्व माहिती एका बोटावर मिळाली. ज्याने माल नेला त्याची एकही ओळ मिळाली नाही. नोंदणी म्हणजे काय आणि तिच्या अभावी काय होते, हे समजण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

नोंदणीकृत वाहतूकदार सापडला तरी व्यापाऱ्याने आणखी एक नियम जाणून घेतला पाहिजे. २०११ च्या नियमांप्रमाणे माल हरवला किंवा नासला, तर वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते. समजा, ८ लाखांची डाळ २०,००० रुपये भाड्याने निघाली. तर हाती येणारी रक्कम जास्तीत जास्त २ लाख. उरलेल्या ६ लाखांसाठी माल पाठवितानाच जादा जोखमीचा दर ठरवून द्यावा लागतो. तसेच दावा लावण्यापूर्वी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आता, नोटीस द्यावयाची ती कोणाच्या नावे व कोणत्या पत्त्यावर? अशा रीतीने पुन्हा आपण नोंदणीपाशीच येऊन पोहोचतो.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे १९३५ च्या कायद्याने मालमोटारवाले व मालाचे दलाल केंद्र सरकारच्या नियंत्रणाखाली आले. आज हे काम १ जानेवारी २००० रोजी स्थापन झालेले एक मध्यवर्ती खाते पाहते. वाहतूकदाराचा क्रमांक घातला की त्याची नोंद कोणासही पाहता येते. दलालाला ७५,००० डॉलरची हमी द्यावी लागते. २०१३ पूर्वी ती १०,००० डॉलर होती. परंतु तेथेही सर्व आलबेल नाही. एकाच वाहतूकदाराला दोन-दोन क्रमांक. शिवाय संगणकावर नोंदणी सोपी झाली तसे भामटेही सोपे झाले. प्रामाणिक वाहतूकदाराचे नाव व क्रमांक वापरून माल उचलायचा आणि नाहीसे व्हायचे, ही चोरी तेथे वाढली. म्हणून नोंदणीची संपूर्ण नवी व्यवस्था उभारण्याचे, क्रमांक एकच ठेवण्याचे व अर्जदाराची ओळख कसून पटविण्याचे काम त्या खात्याने हाती घेतले. यातून घेण्याचा धडा असा की, कागदावरचा अर्ज पडद्यावर आणला म्हणजे सुधारणा झाली असे नव्हे. अर्ज करणारा खरा आहे की नाही हे पाहणारा आणि जनतेला ते दाखविणारा दफ्तरखाना झाला, तरच ती सुधारणा.

आमची मागणी त्यामुळे मोठी नाही. दलाल असो वा बुकिंगवाला, त्याला देशभर एकच क्रमांक असावा. तो बिल्टीवर ठळक छापलेला असावा. आणि जळगावच्या मुनिमाने अथवा सुरतेच्या हमालाने तो मोबाईलवर घातला तरी पेढीचे नाव, पत्ता व नोंदणीची मुदत दिसावी. निरनिराळी दफ्तरे एकमेकांस जोडणे अशक्य नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय मालवाहतूक धोरणाबरोबर अशी दफ्तरे जोडणारी यंत्रणा सुरू झालेलीच आहे. मोबाईलवरून गाड्या जुळवून देणाऱ्या नव्या कंपन्यांचाही विचार यात व्हावा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मध्यस्थांची जी व्याख्या आली, तीत प्रवाशांचा उल्लेख आहे, मालाचा नाही.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. आमच्या बाजारात असे दलाल आहेत की, त्यांच्यापाशी एक खोली, एक बाकडे व एक फोन यांपलीकडे काही नाही. आणि तरीही त्यांच्या शब्दावर वर्षानुवर्षे लाखोंचा माल गेला व एक पोते कमी भरले नाही. नोंदणी ही अशा माणसाच्या मानेवरचे जू होता कामा नये. अर्ज त्याच्या भाषेत, म्हणजे गुजराती, मराठी, हिंदी यांत असावा. शुल्क थोडे असावे. आणि तो भरून देण्यासाठी आणखी एका दलालाची गरज पडू नये. नोंदणी सोपी झाली तर तीच त्याची पत होईल. आज त्याला चार गल्ल्या ओळखतात. उद्या परमुलखातला व्यापारीही क्रमांक पाहून त्याच्या हवाली माल करील.

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे असते. आपण काय करावे हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक पेढीने बिल्टी घेताना नोंदणी-क्रमांक विचारावा. माल पाठविण्याच्या चिठ्ठीत मालाची खरी किंमत लिहावी, आणि भारी माल असेल तेव्हा जादा जोखमीचा दर किंवा मार्गस्थ मालाचा विमा यांपैकी एक तरी घ्यावा. ज्यांनी नोंदणी केली आहे अशा वाहतूकदारांची व दलालांची यादी आपल्या संघाने ठेवावी आणि ती दर वर्षी तपासावी. ज्यांची नोंदणी नाही त्यांना संघाच्या कचेरीत बोलावून अर्ज भरण्यास हातभार लावावा. शंभर पेढ्यांनी रोज एकच प्रश्न विचारला, तर जे काम दंडाच्या भीतीने होत नाही ते गिऱ्हाईक टिकविण्याच्या इच्छेने होईल.

धान्याच्या पोत्यात केवळ व्यापाऱ्याचे भांडवल नसते. पेरणाऱ्याचे वर्ष त्यात असते, आणि मागावरून घरी येणाऱ्याची रात्रीची भाकरीही असते. ते पोते ज्याच्या हाती सोपवायचे, त्याचे नाव आणि ठिकाण माहीत असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.