सातवा महिना आणि विमानाचं तिकीट

संसार बेंगळुरूत, माहेर नागपूरला, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असा घरचा रिवाज. विमानानं दोन तासांचं अंतर. तिकीट काढायची वेळ आली की सल्ले सुरू होतात. शेजारच्या काकू म्हणतात, विमानात पाणमोट फुटते. आतेबहीण म्हणते, तपासणीच्या मशीनमधून जाऊ नकोस. सासूबाईंचा आग्रह असतो की त्यापेक्षा गाडीनं जा, मग हाडं खिळखिळी करणारा अख्ख्या रात्रीचा प्रवास झाला तरी चालेल.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली याबाबत मत नोंदवलं आहे. गरोदरपणात काही गुंतागुंत नसेल, तर अधूनमधून केलेला विमानप्रवास सुरक्षित असतो. या वाक्यातली ‘गुंतागुंत नसेल तर’ ही अट विसरायची नाही. पण बाकीची भीती कुठून येते, ते एकेक करून पाहू.

गैरसमज : हवेच्या दाबामुळे पाणमोट फुटते, कळा सुरू होतात.

वस्तुस्थिती : विमान ३५ हजार फुटांवर उडत असलं तरी आतला दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो. तो साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे, उटी सात हजारांच्या वर. उटीच्या बायका तिथंच नऊ महिने काढतात आणि तिथंच बाळंत होतात. शिवाय पाणमोटेत पाणी असतं, आणि दाब कमी झाला म्हणून पाणी हवेसारखं फुगत नाही. फुगतो तो आतड्यातला वायू, तोही जवळपास एक तृतीयांशानं. म्हणून आदल्या रात्री छोले, राजमा, कोबी आणि सोड्याची पेयं टाळावीत. पोटात गुबारा धरला की घाबरलेल्या पहिलटकरणीला त्याच कळा वाटू शकतात.

गैरसमज : वर बाळाला ऑक्सिजन पुरत नाही.

वस्तुस्थिती : आईच्या रक्तातला ऑक्सिजन उंचीवर थोडा कमी होतो, हे खरं. पण गर्भाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं असतं आणि ऑक्सिजन अधिक घट्ट पकडतं. त्यामुळे निरोगी आईच्या पोटातल्या बाळाला ही घट जाणवत नाही.

इथं ‘निरोगी’ या शब्दावर थांबायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. सौम्य रक्तक्षयामुळे प्रवास थांबत नाही, पण हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर आधी ते वाढवावं लागतं. सिकल सेल आजारात ऑक्सिजन कमी होणं विशेष घातक ठरू शकतं. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत हा आजार बराच आढळतो. ज्यांच्या घराण्यात तो आहे, त्यांनी तपासणी झाल्याशिवाय तिकीट काढू नये.

गैरसमज : पहिल्या तीन महिन्यांत विमानात बसलं की गर्भ पडतो.

वस्तुस्थिती : पहिल्या तिमाहीतले निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात. ते घरी झोपून राहिलं तरी टळत नाहीत. नेमक्या त्याच काळात प्रवास घडला, तर दोष मात्र प्रवासाच्या माथी येतो. तरीही या दिवसांत उलट्या आणि थकवा जास्त असतो. शिवाय गर्भ गर्भाशयातच रुजला आहे ना, हे सोनोग्राफीनं एकदा पाहिलेलं बरं. तो नलिकेत असेल तर अचानक शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. सगळ्यात सोयीचा काळ १४ ते २८ आठवड्यांचा.

गैरसमज : तपासणीची मशीन आणि आकाशातले किरण बाळाला बाधतात.

वस्तुस्थिती : माणसांनी ज्यातून जायचं असतं त्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीत क्ष-किरण नसतात. क्ष-किरण असतात ते बॅगांच्या यंत्रात. तरीही मनात शंका असेल तर महिला कर्मचाऱ्याकडून हातानं तपासणी करून घेण्याची विनंती करता येते. उंचीवर अवकाशातले किरण थोडे जास्त मिळतात. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा मानली जाते. अगदी लांबच्या उड्डाणातही तिच्या १५ टक्क्यांहून जास्त किरण मिळत नाहीत. हा हिशोब करायला हवा तो हवाई कर्मचाऱ्यांनी आणि कामानिमित्त सतत उडणाऱ्यांनी.

गैरसमज : शेवटच्या महिन्यांत विमान घातक असतं, म्हणूनच कंपन्या नेत नाहीत.

वस्तुस्थिती : विमानामुळे बाळंतपण लवकर होतं म्हणून ही बंदी नाही. विमानात प्रसूतिगृह नाही, म्हणून ती आहे. १८ जून २०१७ रोजी दम्मामहून कोचीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात एका प्रवासी महिलेला मुदतीपूर्वीच कळा सुरू झाल्या. विमान मुंबईकडे वळवलं, पण बाळ त्याआधीच हवेत जन्मलं. कर्मचारी आणि एक परिचारिका प्रवासी मदतीला होते, म्हणून निभावलं. कंपनीनं बाळाला आयुष्यभर मोफत प्रवासाची भेट दिली. तसा काही नियम नसतो, ती कंपनीची मर्जी. आणि एप्रिल २०१९ मध्ये त्या कंपनीची उड्डाणंच थांबली!

एकच बाळ असेल तर बहुतेक कंपन्या ३६ आठवड्यांपर्यंत नेतात. जुळं असेल तर मर्यादा साधारण ३२ आठवड्यांची. कुठे २८, तर कुठे ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं ‘फिट टू फ्लाय’ प्रमाणपत्र लागतं. ते किती दिवस आधीचं चालतं, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावं. आपण महिने मोजतो, कंपनी आठवडे मोजते, आणि गोंधळ इथंच होतो. आठवडे धरायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ३६ आठवडे म्हणजे नववा महिना लागून जेमतेम आठवडा. परत यायचं असेल, तर परतीच्या तारखेला किती आठवडे भरतील तेही आधीच मोजावं.

गैरसमज : पोटावर पट्टा नको, आणि जागचं हलायलाही नको.

वस्तुस्थिती : पट्टा हवाच, पण पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून. विमान अचानक हादरलं तर आदळण्यापासून तोच वाचवतो. हलणंही हवंच. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, आणि तासन्‌तास बसून राहिलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. प्रवास चार तासांहून मोठा असेल तर वाटेकडची खुर्ची घ्यावी. मधूनमधून उठून चालावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावं. घट्ट मोजे किंवा रक्त पातळ करणारं औषध डॉक्टरांनी सांगितलं तरच.

आता उरतात त्या बायका, ज्यांनी खरंच जाऊ नये : अंगावरून जात असेल, वार खाली असेल, बीपी वाढलेलं असेल, मुदतीआधी कळा येण्याची लक्षणं असतील. यांच्यासाठी उत्तर डॉक्टरांनी द्यायचं, शेजारणीनं नव्हे. परदेशी जायचं असेल तर विमा बाळंतपणाचा खर्च देतो का, तेही कागदावर वाचून घ्यावं.

सातव्या महिन्यात मुलीला माहेरी आणायची जुनी चाल या हिशोबात नीट बसते : साधारण २७ ते ३० आठवडे, अंग अजून हलकं आणि दिवस भरायला अवकाश. पूर्वी बैलगाडी होती, आता विमान आहे, एवढाच फरक. सोनोग्राफीची आणि रक्ततपासणीची फाईल मात्र मोठ्या बॅगेत टाकून बेल्टवर सोडू नका. ती खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवा.