व्हर्च्युअल मशीनची डिस्क कॉपी झाली, पण काम गायब! क्लोन करताना नेमकं काय चुकतं?

नवीन फोन घेतला की जुन्यातला डेटा नव्यात आणताना धाकधूक असतेच. फोटो येतात, नंबर येतात, आणि व्हॉट्सॲपचे जुने चॅट मात्र मागेच राहतात. व्हर्च्युअल मशीन एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेतानाही अगदी असंच होतं. माझ्या हातून ही चूक झाली तेव्हा एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट जाता जाता वाचला. म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात: व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

तुमच्या विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये एका खिडकीत दुसरा आख्खा कॉम्प्युटर चालवायचा, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात उबुंटू टाका, मोडतोड करा, मूळ कॉम्प्युटरला धक्का लागत नाही. त्यासाठी ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. या आतल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क म्हणजे खरं तर तुमच्या डिस्कवरची एक फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी व्हीडीआय असतं.

इथेच आपण फसतो. आपल्याला वाटतं, फाइल आहे ना, मग कॉपी-पेस्ट करू.

काय झालं होतं?

शहापूरला आमच्या छोट्या लॅबमध्ये मी उबुंटूचं एक मशीन तयार केलं होतं. मुरबाड तालुक्यातली एक मुलगी त्यावर तीन आठवडे डेटाबेसचा प्रोजेक्ट करत होती. सोमवारी तिला मुरबाडला तो दाखवायचा होता. तिथे माझ्या एका मित्राचा क्लास आहे, त्याच्याच कॉम्प्युटरवर मशीन चालवायचं ठरलं. एवढी मोठी फाइल नेटवरून पाठवायची म्हणजे रात्र गेली असती, म्हणून शनिवारी पेनड्राइव्हवर घेतली. मुरबाडला अजून रेल्वे नाही, त्यामुळे रविवारी दुपारी एसटीने गेलो.

संध्याकाळी मशीन चालू केलं. उबुंटू उघडलं, पण प्रोजेक्टचं फोल्डर नाही. डेटाबेस नाही. सगळं कोरं, जणू तीन आठवडे कोणी हात लावलाच नव्हता. ती पोरगी काही बोलली नाही, नुसती स्क्रीनकडे बघत राहिली.

आणि मला घाम फुटला तो वेगळ्याच गोष्टीने. शहापूरच्या कॉम्प्युटरवर जागा कमी होती, म्हणून निघताना मी सहकाऱ्याला सांगून आलो होतो, "कॉपी झालीये, जुनं मशीन डिलीट करून टाक." लगेच फोन लावला. नशीब, त्याने अजून केलं नव्हतं.

काम गेलं कुठे? स्नॅपशॉटची भानगड

मशीन तयार केल्यावर मीच एक स्नॅपशॉट घेतला होता. पोरांनी काही बिघडवलं तर एका क्लिकवर पूर्वस्थितीला येता यावं म्हणून. स्नॅपशॉट घेतला की व्हर्च्युअलबॉक्स मूळ डिस्कच्या फाइलला हात लावणं थांबवतं. पुढचे सगळे बदल 'स्नॅपशॉट्स' नावाच्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये जातात. शाळेच्या वहीत पहिली वीस पानं चिकटवून बंद केली आणि पुढचं सगळं पुरवणीवर लिहिलं, तसं समजा. मी वही नेली, पुरवणी शहापूरलाच राहिली.

म्हणजे डिस्क खराब नव्हती, कॉपीही बिघडलेली नव्हती. अर्धीच डिस्क नेली होती, एवढंच.

मग बरोबर पद्धत कोणती?

दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं असेल तर:

१. मशीन आतून नीट शटडाउन करा. खिडकी बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडू नका, ते फक्त झोपवणं झालं.
२. 'फाइल' मेनूतून 'एक्सपोर्ट अप्लायन्स' घ्या. मूळ डिस्क आणि स्नॅपशॉटमधले बदल एकत्र होऊन मशीनच्या आजच्या स्थितीची एकच ओव्हीए फाइल तयार होते. जुन्या स्नॅपशॉटची यादी मात्र सोबत येत नाही.
३. दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'इम्पोर्ट अप्लायन्स' करा.

त्याच कॉम्प्युटरवर दुसरी प्रत हवी असेल तर मशीनवर राइट क्लिक करून 'क्लोन' घ्या आणि 'फुल क्लोन' निवडा. 'लिंक्ड क्लोन' जागा कमी घेतं, पण ते मूळ मशीनच्या डिस्कवर अवलंबून असतं. मूळ डिलीट केलंत किंवा फक्त क्लोन पेनड्राइव्हवर नेलंत, तर ते चालणार नाही.

सहकाऱ्याने त्याच रात्री फोनवर विचारत विचारत एक्सपोर्ट केलं.

पण पेनड्राइव्ह फाइल घेईना

३२ जीबीचा पेनड्राइव्ह, २० जीबी मोकळी, तरी विंडोज म्हणतंय की फाइल फार मोठी आहे! पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला की असं होतं. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालतच नाही, मग एकूण जागा कितीही असो. फोनच्या मेमरी कार्डवर मोठा सिनेमा कॉपी होत नाही, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.

उपाय सोपा आहे. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅटने आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी ते दुसरीकडे ठेवा. (मग शनिवारी माझी कॉपी कशी झाली? माझा पेनड्राइव्ह आधीपासून एक्सफॅट होता. सहकाऱ्याचा नव्हता.)

'हा यूयूआयडी आधीच आहे' असा एरर

एकाच कॉम्प्युटरवर व्हीडीआय फाइल कॉपी-पेस्ट करून नव्या मशीनला जोडायला गेलात, तर हा एरर हमखास येतो. प्रत्येक व्हर्च्युअल डिस्कला १२८ बिटचा एक ओळख क्रमांक असतो, तोच यूयूआयडी. फोनला आयएमईआय असतो तसा. साध्या कॉपीत हा क्रमांकही जसाच्या तसा उतरतो. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क बघून व्हर्च्युअलबॉक्स दुसरीला दारातच अडवतं.

इथे फाइलचं नाव बदलून उपयोग नाही, कारण क्रमांक फाइलच्या आत असतो. ती प्रत काढून टाका आणि 'क्लोन' वापरून पुन्हा करा. फक्त डिस्कच हवी असेल तर 'व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर'मधलं 'कॉपी' बटण वापरा. दोन्हीत नव्या डिस्कला नवा क्रमांक मिळतो.

आत जागा आहे, बाहेर नाही

भातसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतात. धरणात पाणी दिसतं म्हणून आपल्या हंड्यात येतंच असं नाही. व्हर्च्युअल डिस्कचंही तसंच. मशीनच्या आत १५ जीबी मोकळी दिसते, पण डिस्क 'डायनॅमिकली अलोकेटेड' असेल तर ती जागा अजून घेतलेलीच नसते. लागेल तशी ती बाहेरच्या खऱ्या डिस्कवरून घेतली जाते. खरी डिस्क भरली की मशीन मध्येच थांबतं.

अशा वेळी घाबरून मशीन जबरदस्तीने बंद करू नका. बाहेरच्या डिस्कवर जागा करा, मग मशीन पुन्हा चालू करा. आणि फुल क्लोन करण्याआधी मूळ डिस्कची आणि स्नॅपशॉटची फाइल मिळून जेवढी होते, किमान तेवढी जागा मोकळी आहे ना, ते बघा.

क्लोन मोठा केला, तरी आत जुनीच साइज?

मीडिया मॅनेजरमध्ये २५ ची डिस्क ४० जीबी केली, तरी उबुंटूला २५ च दिसते. कारण डिस्क वाढली, आतलं पार्टिशन वाढलं नाही. ते जीपार्टेडसारख्या टूलने वेगळं वाढवावं लागतं. आणि मशीनला स्नॅपशॉट असतील तर साइज वाढवताना घोळ होतो. म्हणून आधी 'करंट मशीन स्टेट'चा फुल क्लोन करा, मग त्या क्लोनची डिस्क वाढवा. मूळ मशीन सुरक्षित राहतं.

सोमवारी काय झालं?

सकाळी सहकारी बाइकवरून पेनड्राइव्ह घेऊन मुरबाडला आला. इम्पोर्ट केलं आणि फोल्डर जागेवर दिसलं. तरी मी त्या मुलीलाच म्हटलं, "तूच उघड, शेवटची नोंद बघ." शुक्रवारी तिने टाकलेली नोंद होती. तेव्हा कुठे तिने डबा उघडला.

त्या दिवसापासून लॅबच्या भिंतीवर मी एवढंच लिहून ठेवलंय:

- मशीन पूर्ण बंद केल्याशिवाय कॉपी नाही.
- कॉपी-पेस्ट नाही. क्लोन किंवा एक्सपोर्ट.
- आधी जागा आणि पेनड्राइव्हचा फॉरमॅट बघायचा.
- नवीन मशीन उघडून, शेवटचं काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय जुनं डिलीट करायचं नाही.

यातली शेवटची ओळ फोन बदलतानाही तेवढीच लागू आहे. नव्या फोनमध्ये सगळं आलंय हे बघेपर्यंत जुना फोन रीसेट करू नका.