जुन्या मोटारीच्या एंजिनाची ओळख

जुनी मोटार घेणारा मनुष्य प्रथम तिच्या पाठीवरील नाव वाचतो. अँबॅसेडरच्या बाबतीत या वाचनाचा उपयोग थोडाच होतो. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली ही गाडी कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असे. इतक्या वर्षांत तिचा बांधा फारसा बदलला नाही. बॉनेटखाली मात्र निरनिराळी एंजिने येऊन गेली. एकाचे सुटे भाग दुसऱ्यास चालत नाहीत. म्हणून बॉनेट उघडून एंजिनच पाहिले पाहिजे.

अगदी आरंभीच्या गाड्यांत १४७६ घनसेंटिमीटरचे एंजिन होते. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला, ठोकळ्यातच बसविलेल्या असत. त्यामुळे त्याचा माथा एखाद्या सपाट झाकणासारखा दिसतो आणि स्पार्क प्लग त्यात वरून बसविलेले असतात. १९५९ मध्ये त्याची जागा १४८९ घनसेंटिमीटरच्या एंजिनाने घेतली. याच्या झडपा माथ्यात आहेत. त्यांवर पत्र्याचे लांबट आवरण असते. कारागीर त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. स्पार्क प्लग एका कुशीला असून कार्ब्युरेटर व धुराड्याचा नळ दुसऱ्या कुशीला असतात. ही रचना एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

डिझेल एंजिनाची गोष्ट थोडी फसवी आहे. याच घराण्यातील डिझेल एंजिनही १४८९ घनसेंटिमीटरचेच असल्यामुळे केवळ आकारमानाच्या आकड्यावरून दोहोंतील भेद कळत नाही. डिझेलमध्ये ठिणगीची गरज नसते. तेव्हा डिस्ट्रिब्युटर व त्यातून निघणाऱ्या जाड तारा शोधूनही सापडत नाहीत, कार्ब्युरेटरही नसतो. त्यांच्याऐवजी इंधन दाबाने पाठविणारा पंप आणि त्यापासून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी पोलादाची बारीक नळी दिसते.

१९९२ मध्ये इसुझु या जपानी कंपनीच्या आराखड्याचे १८१७ घनसेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन आले. त्याचा कॅमशाफ्ट माथ्यावर असतो. त्याबरोबर पाच गतींची गिअरपेटी आणि जमिनीवरचा गिअरचा दांडा आला. पूर्वी हा दांडा सुकाणूच्या खांबावर असे. पण दांड्यावरून अनुमान बेताने करावे, कारण गिअरपेटीही बदलता येते.

एंजिनही बदलता येतेच. डिझेल स्वस्त असल्याने कित्येकांनी पेट्रोलच्या गाडीत, कधी दुसऱ्याच वाहनाचे, डिझेल एंजिन बसवून घेतले. यासाठी नोंदणीपुस्तकातील एंजिनाचा क्रमांक, इंधन आणि घनसेंटिमीटर या तिन्ही नोंदी समोरच्या एंजिनाशी ताडून पाहाव्यात. क्रमांक पट्टीवर असेल तर पट्टीचे रिव्हेट निरखावेत, कारण एका ठोकळ्यावरची पट्टी दुसऱ्यावर जाऊ शकते. एंजिन बदलल्याची नोंद पुस्तकात नसेल, तर ती पूर्वीच्या मालकाकडून करवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. व्यवहार झाल्यावर नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या नव्या मालकालाच झिजवाव्या लागतात.