किती आले, किती वाचून गेले?

ब्लॉग सुरू केला की पहिले चार दिवस आपण लिहितो आणि पाचव्या दिवसापासून मोजायला बसतो. खोटं सांगू नका! ऑफिसमध्ये एका टॅबवर एक्सेल, दुसऱ्या टॅबवर 'आज किती आले?'चा आलेख, आणि बॉसची चाहूल लागली की झटकन टॅब बदलायचा. हे व्यसन चहापेक्षा वाईट.

मी सातारा-सांगलीवर लिहिते. कास पठार, अजिंक्यतारा, भिलारचं पुस्तकांचं गाव, सांगलीचं गणपती मंदिर, भडंग कुठून घ्यावं, असं सगळं. हौस होती तोवर आकडा लहान की मोठा यानं काही बिघडत नव्हतं. पण मागच्या वर्षी सांगलीच्या एका लॉजवाल्या काकांनी जाहिरात द्यायची तयारी दाखवली आणि थेट विचारलं, "म्याडम, महिन्याला माणसं किती येत्यात बगायला?" त्या पैशांतून माझं वर्षाचं होस्टिंग निघणार होतं. मी तीन टूल्स लावून ठेवली होती. तिन्ही उघडली. तीन आकडे! आणि सगळ्यात मोठा सगळ्यात लहानाच्या कितीतरी पट.

आता बोला. यातलं खोटं कोण? तर कोणीच नाही. प्रत्येक टूल वेगळीच गोष्ट मोजत होतं.

सगळ्यात मोठा आकडा होता होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फुकट मिळणाऱ्या एडब्ल्यूस्टॅट्सचा. हे टूल सर्व्हरची नोंदवही वाचतं. वहीत प्रत्येक मागणी लिहिलेली असते. कासच्या लेखात फुलांचे वीस फोटो असतील तर एका माणसानं तो एकदा उघडल्यावर एक पान आणि वीस फोटो, म्हणजे एकवीस 'हिट्स'. शिवाय त्या वहीत माणसांबरोबर यंत्रंही असतात. गूगलचा बॉट येतो. कोणी व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की प्रीव्ह्यूसाठी व्हॉट्सअॅप स्वतः पान उघडून बघतं. ओळखीचे बॉट एडब्ल्यूस्टॅट्स वेगळे काढतं, पण अनोळखी बॉट माणूस म्हणून बिनधास्त आत शिरतात. कोणी छाती फुगवून 'महिन्याला लाख हिट्स' म्हणालं, तर फोटो किती आहेत ते आधी विचारा.

दुसरी जात पानात छोटी स्क्रिप्ट टाकायची. यातलं जुनं नाव स्टॅटकाउंटर. १९९९ साली आयर्लंडमधल्या एओडान कलन नावाच्या मुलानं ते वयाच्या सोळाव्या वर्षी सुरू केलं. (सोळाव्या वर्षी आपण काय करत होतो, हे न आठवलेलंच बरं.) कोण आलं, कुठल्या पानावरून आलं, कुठे गेलं, हे त्यात एकेका ओळीत दिसतं. नव्यानं लिहिणाऱ्याला ते बघायला मजा येते. पण स्क्रिप्टवाल्या टूल्सची दुसरी बाजूही आहे. वाचकानं अॅड-ब्लॉकर लावला असेल, तर त्याची नोंद होईलच असं नाही. म्हणजे नोंदवहीत आकडा फुगतो आणि इथे थोडा आटतो.

आणि मग गूगल अॅनालिटिक्स. २००५ साली गूगलनं अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि त्याच वर्षी हे फुकट वाटायला सुरुवात केली. लिंकच्या शेपटीला आपण जे 'यूटीएम' जोडतो, त्यातला 'यू' म्हणजे हीच अर्चिन. मात्र १ जुलै २०२३ ला गूगलनं जुन्या अॅनालिटिक्समध्ये नवे आकडे घेणं थांबवलं आणि २०२४ मध्ये जुने आकडेही काढून टाकले. ज्यांनी उतरवून घेतले नाहीत, त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशोब गेला. फुकटाच्या घरात भाडेकरूला कोण विचारतं?

आताच्या जीए-फोरमध्ये एक गोष्ट मला खरंच आवडली. पूर्वी एखाद्यानं एकच लेख दहा मिनिटं मन लावून वाचला आणि खिडकी बंद केली, तरी तो 'बाउन्स' धरला जायचा. म्हणजे दारातून परत गेला! आता तो दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला तरी भेट कामाची मानतात. बाकी जीए-फोर म्हणजे तहसील कचेरी. हवा तो कागद आहे, पण कुठल्या टेबलावर ते कोणी सांगत नाही. आणि सविस्तर विश्लेषणासाठीचा डेटा मुळात दोनच महिने ठेवला जातो. सेटिंगमध्ये जाऊन तो चौदा महिने करावा लागतो. खातं उघडल्या उघडल्या हे काम करा.

गावाच्या नावावर मात्र कुठल्याच टूलमध्ये फार विसंबू नका. गाव ठरतं आयपी पत्त्यावरून, आणि मोबाइल नेटवर कऱ्हाडचा वाचक आरामात पुण्यात किंवा मुंबईत दाखवला जातो. 'साताऱ्यातून कोणी वाचतच नाही' म्हणून रडण्याआधी हे आठवा. तसंच 'डायरेक्ट' या खान्याचं. व्हॉट्सअॅपवरून आलेले वाचक बहुतेक त्यातच पडतात. आपल्याकडे लेख फिरतो तो आत्या-मावश्यांच्या ग्रुपवरून, पण टूलला वाटतं लोक पत्ता पाठ करून आले. ग्रुपवर लिंक टाकताना यूटीएमची शेपटी लावली की पुढे फॉरवर्ड झाली तरी शेपटी टिकते आणि उगम कळतो.

वाचकाचा माग काढणं ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठी प्लॉजिबल आणि गोटकाउंटर आहेत. कुकी नाही, सगळं एका पानावर. गोटकाउंटर छोट्या वापराला फुकट, प्लॉजिबलच्या तयार सेवेला पैसे पडतात. पण प्लॉजिबलमध्ये ओळखीची खूण रोज पुसली जाते, त्यामुळे सोमवारी आलेला माणूस मंगळवारी नवा मोजला जातो. उलट एकाच वाय-फायवरचे, एकाच मॉडेलचा फोन वापरणारे दोन मित्र एकच धरले जाऊ शकतात. महिन्याची 'माणसं' त्यात नेमकी कळत नाहीत, दिवसाची बरी कळतात. माटोमो (२००७ मध्ये पिविक म्हणून सुरू झालेलं) स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, डेटा आपल्याच घरात राहतो. फक्त स्वस्तातलं होस्टिंग त्यापुढे दमतं.

माझं मत विचाराल तर सगळ्यांच्या आधी गूगल सर्च कन्सोल लावा. लोकांनी काय शोधलं म्हणून तुम्ही सापडलात, हे तिथे सोळा महिन्यांपर्यंत दिसतं. 'कास पठार कधी जावे' देवनागरीत शोधणारा आणि तेच रोमनमध्ये टाइप करणारा वेगवेगळ्या ओळीत येतात. पुढचा लेख कोणासाठी लिहायचा ते त्यावरून ठरवता येतं.

कासवरच बघा ना. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर पठार जागतिक वारशात गेलं, गर्दी उसळली आणि दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आली. तिथे गेटवर माणसं मोजतात ती फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून. कशासाठी मोजायचं हे आधी ठरलं, मग तिकीट आलं. लॉजवाल्या काकांना तरी काय हवं होतं? खोली घेणारी माणसं.

म्हणून मी त्यांना तिन्हींतला एकही आकडा दिला नाही. लेखात त्यांचा फोन नंबर टाकला, त्यावर बोट टेकलं की जीए-फोरमध्ये नोंद व्हावी अशी सोय केली आणि महिन्यानं फक्त ती नोंद दाखवली. काकांनी कागद उलटसुलट करून बघितला. "एवढीच व्हय? मला वाटलं हजारानं असतील."

"काका, हजार बघून गेलेले दाखवू की फोन लावलेले?"

"लावलेलेच दाखवा," म्हणाले, आणि तीन महिन्यांची जाहिरात दिली. ठरलेल्या रकमेपेक्षा थोडी कमी, पण होस्टिंग निघालं.

सध्या माझ्याकडे सर्च कन्सोल, जीए-फोर आणि रोज डोकावायला गोटकाउंटर एवढंच आहे. यंदा तुम्हीही कासवर लिहिणार असाल, तर फुलं ऑगस्टच्या अखेरीस येतात, टूल जुलैतच लावून घ्या. लावण्याआधी कोण येऊन गेलं, ते ही टूल्स नंतर सांगू शकत नाहीत.