हा मिक्सर चटणीचा नव्हे

मिक्सर म्हटलं की आपल्याला ओट्यावरचा मिक्सर आठवतो. आज बोलायचं आहे ते आवाजाच्या मिक्सरबद्दल. मेळाव्यात स्टेजच्या बाजूला लोखंडी पेटीत बसवलेला, पुढून नुसती बटणंच बटणं दिसतात, तो.

आमच्या ग्रामसंघाने साउंडचा सेट घ्यायचं ठरवलं तेव्हा घरोघरी एकच प्रश्न आला : "चालवणार कोण?" प्रश्न बरोबर होता, पण विचारणाऱ्यांच्या मनात उत्तर आधीच तयार होतं. आम्हाला सेट हवा होता त्याचं कारण भाड्याचे पैसे वाचवणं एवढंच नव्हतं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे आपण मुद्दे ठरवतो. मग ग्रामसभेत कुणी ताई पाण्याचं विचारायला उभी राहते आणि नेमका तेव्हाच माईक खरखरतो, शिट्टी मारतो, नाहीतर बंद पडतो. कुणी मुद्दाम करतं की आपोआप होतं, हे सिद्ध करता येत नाही. ताई मात्र खाली बसते. म्हणून हे यंत्र आपल्याला यायला हवं.

आधी पेटीचं बघू. तिला रॅक म्हणतात. जगभर तिच्यात बसणाऱ्या यंत्रांच्या पट्टीची रुंदी १९ इंच ठरलेली आहे आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत मोजतात. त्यामुळे एका कंपनीचा मिक्सर दुसऱ्या कंपनीच्या रॅकमध्ये बसतो. दोन्ही बाजूंच्या कानांना भोकं असतात, तिथे स्क्रू आवळायचे. अँप्लिफायर जड आणि तापणारा, म्हणून तो तळाला. त्याच्या वर थोडी मोकळी जागा. मिक्सर सगळ्यात वर, हाताला येईल असा. पेटी भिंतीला चिकटवू नका आणि ऊन लागतं म्हणून चालू यंत्रावर सतरंजीही टाकू नका.

आता जोडणी. माईकमधून येणारी वीज फार थोडी असते, एका व्होल्टचे काही हजारावे भाग. मोबाइल किंवा कॉम्प्युटरमधून येणारी तिच्या शेकडो पट. म्हणून मिक्सरवर माईकची जागा वेगळी आणि 'लाईन'ची वेगळी. माईकच्या वायरीला तीन पिनांचा गोल जोड असतो. त्यातली एक पिन जाळीची. उरलेल्या दोन पिनांवर तोच आवाज एकदा सुलटा, एकदा उलटा येतो. वाटेत विजेच्या तारांची घरघर दोन्हींना सारखीच चिकटते. मिक्सर एकातून दुसरा वजा करतो, घरघर जाते, आवाज उरतो. म्हणून मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वायर नेली तरी चालते.

याच वजाबाकीने मोबाइल जोडताना मात्र गंमत होते. मोबाइलच्या बारीक पिनेची वायर थेट अशा एकाच जागेत खुपसली, की वाद्यं वाजतात आणि गाणारी बाईच गायब! कारण गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही तारांत सारखा असतो आणि मिक्सरला तो घरघरीसारखाच वाटतो. यासाठी एका टोकाला मोबाइलची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन जाड पिना असलेली वायर मिळते. डावी एका चॅनेलला, उजवी दुसऱ्याला.

'४८ व्ही' लिहिलेलं बटण दिसेल. ते स्टुडिओतल्या नाजूक माईकला वीज पुरवण्यासाठी असतं. आपल्या हातातल्या साध्या माईकला ते लागत नाही, बंदच ठेवा.

चालू करताना आधी मिक्सर, अँप्लिफायर सगळ्यात शेवटी, तोही त्याचं बटण शून्यावर ठेवून. बंद करताना आधी अँप्लिफायर. क्रम चुकला तर मिक्सर चालू होतानाचा धक्का मोठा होऊन थेट स्पीकरवर आदळतो, पडदा फाटू शकतो.

मग येतो गेन. चॅनेलवरचं हे सगळ्यात वरचं बटण, आणि खरं काम इथेच आहे. माईकचा बारीक आवाज किती मोठा करून आत घ्यायचा ते गेन ठरवतो. खालची सरकपट्टी फक्त आत आलेल्यातून पुढे किती सोडायचं ते ठरवते. गेन जास्त झाला की आवाज फाटतो आणि पट्टी खाली ओढून तो सुधारत नाही. करपलेली भाजी दुसऱ्या पातेल्यात काढली म्हणून वास जातो का? पट्ट्या शून्याच्या खुणेवर ठेवा, बोलणारीला बोलू द्या, गेन हळूहळू वाढवा. हिरवा दिवा लागत राहावा, लाल लागू नये. मग अँप्लिफायरचं बटण हळूहळू वाढवा.

पण "हॅलो, हॅलो, टेस्टिंग" वर गेन लावू नका. आपल्या बाया तपासणीला पुटपुटतात आणि प्रत्यक्षात टँकरचा विषय निघाला की दुप्पट आवाजात बोलतात. तेव्हा तिला खरा प्रश्नच विचारायला सांगा, अगदी रागाने. उलट एखादी आजी माईक पोटाशी धरते. अंतर दुप्पट झालं की माईकपाशी आवाजाचा जोर निम्मा होतो. तिथे बटण फिरवण्याआधी माईक वर धरायला सांगा, तोंडापासून चार बोटांवर.

"बायकांचं बोलणं कळतच नाही," असं म्हणतात ना, त्यातलं बरंच बासच्या बटणाचं असतं. सेट गाण्यांसाठी लावलेला, बास भरपूर. बाईच्या आवाजाचा पाया साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ असतो. ८० किंवा १०० लिहिलेलं 'लो कट' बटण असेल तर दाबा, त्याखालची वाऱ्याची आणि हात लागल्याची धडधड जाते, आपला आवाज जात नाही. बास थोडा कमी करा. शब्द लगेच सुटे होतात.

शिट्टी येते ती माईकला स्पीकरचाच आवाज ऐकू गेल्यामुळे. स्पीकर माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा. जो माईक वापरात नाही त्याची पट्टी खाली. शिट्टी आलीच तर त्या एका माईकची पट्टी खाली घ्या, सगळा सेट बंद करू नका. आणि माईकची जाळी हाताने झाकू नका, त्याने शिट्टी वाढते.

यानंतरचं जरा थांबून ऐका. सेटमधून 'घूं' असा आवाज आला की काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात किंवा दोन पिनांचा प्लग लावतात. घूं कधीकधी थांबतं. पण यंत्रात वीज उतरली तर ती आता जमिनीत न जाता माईकच्या जाळीवर येऊ शकते, आणि आपली बाई ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असते, ओठ माईकला लागलेले. हा प्रकार कुणी तुमच्या कार्यक्रमात करत असेल तर कार्यक्रम थांबवा. घूंसाठी आधी सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावून बघा, विजेची वायर आणि माईकची वायर वेगवेगळ्या ठेवा. माईकला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद, आणि वायरमनने अर्थिंग तपासेपर्यंत सेट चालू करायचा नाही.

हे आलं की रेडिओच्या स्टुडिओतला मिक्सर परका वाटत नाही. तिथे आवाज बाहेर पडताना एक वाट प्रक्षेपणाकडे जाते, एक रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरकडे. माईक सुरू असताना खोलीतला स्पीकर बंद असतो, म्हणून कानाला हेडफोन. २००६ मध्ये केंद्र सरकारने सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओची वाट मोकळी केली. २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात संगम रेडिओ सुरू झाला, तो दलित शेतकरी बायका चालवतात. आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे.

आमच्या सेटवर प्रत्येक चॅनेलखाली चिकटपट्टी लावून मराठीत लिहिलंय : अध्यक्षा, सभेतला फिरता माईक, मोबाइल. बटणं नीट लागली की मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, पुढच्या वेळी अर्धं काम वाचतं. दर महिन्याच्या बैठकीआधी अर्धा तास पेटी उघडतो, दोघी जणी जोडतात, बाकीच्या बघतात. पुढच्या महिन्यात ज्या बघत होत्या त्या जोडतात.